एकाच रात्रीचा पाऊस आणि सहा आकडे: कोल्हापुरातल्या सातवीच्या वर्गाचं प्रकरण

जुलैचा दुसरा आठवडा. कोल्हापूर शहरात रात्रभर संततधार लागलेली. सकाळी सातवीच्या सहा गटांनी आपापल्या पर्जन्यमापकातला पाऊस फळ्यावर लिहिला: 29, 61, 22, 37, 35 आणि 52 मिलिमीटर. शहर एक, रात्र एक, पाऊस एक. "सर, मग खरा आकडा कुठला धरायचा?" हा प्रश्न लगेच आलाच.

अशा वेळी शिक्षकापुढे दोन सोपे रस्ते असतात. सहाही आकड्यांची सरासरी काढून 39 लिहायचे, नाहीतर पेपरात आलेला आकडा फळ्यावर लिहून पुढचा पाठ सुरू करायचा. दोन्ही रस्त्यांनी तास वेळेत संपतो, पण मुलांच्या हाती काही लागत नाही. सरासरीत चुका झाकल्या जातात, त्या दुरुस्त होत नाहीत. पेपरातला आकडा लिहिला की आपलं मोजणं म्हणजे नुसता खेळ होता, असं मुलं धरून चालतात. इथे तिसरा रस्ता मांडला आहे. एकेक बाटली हातात घेऊन तिचा आकडा असा का आला ते शोधायचं, आणि हाती आलेल्या भरवशाच्या नोंदीवरून हवेकडून हवामानाकडे जायचं. शहरातल्या शाळांमध्ये हा उपक्रम करताना जे अनुभवाला येतं ते इथे एका वर्गाच्या रूपात बांधलं आहे. गटांचे आकडे हिशोब कळावा म्हणून घेतले आहेत.

तयारी काय होती

सहावीच्या भूगोलात हवा आणि हवामान हा भाग येतो, सातवीत हवेचा दाब आणि वारे. मुलांना व्याख्या पाठ होत्या: एखाद्या ठिकाणची एखाद्या वेळची वातावरणाची स्थिती म्हणजे हवा, आणि तिची दीर्घकाळची सरासरी स्थिती म्हणजे हवामान. पण सरासरी काढायला रोजचा आकडा कुठून येतो, तो कोण मोजतं, चुकला तर कसं कळतं, याचा व्याख्येत पत्ता नव्हता. म्हणून जूनमध्ये प्रत्येक गटाने थंड पेयाच्या दोन लिटरच्या बाटलीचा पर्जन्यमापक केला. वरचा निमुळता भाग कापून तो उलटा आत बसवायचा आणि बाहेरून कागदी पट्टी चिकटवायची, ही सगळ्यांना माहीत असलेली पद्धत. एका गटाने घरातलं मोठं नरसाळं आणलं होतं. मापक कुठे ठेवायचा हे गटांवर सोपवलं होतं. पुढे जे आकडे फिरले त्यातला निम्मा घोळ इथूनच सुरू झाला.

बाटल्यांची तपासणी

सुरुवात 52 वाल्या गटापासून केली, कारण त्यांचा मापक मैदानाच्या मधोमध, 37 वाल्यांच्या शेजारीच होता. दोन पावलांवर 15 मिलिमीटरचा फरक पावसामुळे पडत नाही.

बाटली उलटी करून बघितल्यावर कारण दिसलं. थंड पेयाच्या बाटलीचा तळ सपाट नसतो. त्याला पाच फुगीर पाय असतात आणि मधला भाग आत गेलेला असतो. पट्टीचा शून्य या पायांच्या टोकाशी लावलेला. खालच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये सरळ नळकांड्यात मावेल त्यापेक्षा बरंच कमी पाणी मावतं, त्यामुळे तेवढंच पाणी जास्त उंचीवर जाऊन थांबतं. हे पाणी प्रयोगशाळेतल्या मोजपात्रात ओतलं तर 298 मिलिलिटर भरलं. मापकाच्या तोंडाचा आतला व्यास 10 सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ 78.5 चौरस सेंटिमीटर. 298 ला 78.5 ने भागलं की 3.8 सेंटिमीटर, म्हणजे 38 मिलिमीटर. शेजारच्या 37 शी जुळलं.

हा हिशोब फळ्यावर सावकाश करावा. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर बरोबर 1 लिटर पाणी, हे एकदा मुलांच्या हाताला कळलं की मिलिमीटर हा शब्द पुस्तकातला राहत नाही. 10 सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाला दर मिलिमीटरमागे 7.85 मिलिलिटर पाणी मिळतं. व्यास 11.3 सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ 100 चौरस सेंटिमीटर होतं आणि दर मिलिमीटरला सरळ 10 मिलिलिटर. ज्यांना गुणाकार-भागाकार जड जातो त्या मुलांसाठी एवढ्याच मापाचं नरसाळं शोधून द्यावं.

व्यास मोजताना पट्टी आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत धरायची. बाहेरून मोजून 10 च्या जागी 10.6 लिहिलं, तर क्षेत्रफळ 12 टक्क्यांनी वाढतं आणि पाऊस जवळजवळ तेवढाच कमी दिसतो.

आता 61 वाला गट, म्हणजे नरसाळंवाले. नरसाळ्याचं तोंड 14 सेंटिमीटर, खालची बाटली 10 सेंटिमीटर. पाणी गोळा होतंय मोठ्या तोंडातून आणि उंची मोजली जातेय लहान बाटलीत. दोन्ही क्षेत्रफळांचं गुणोत्तर 1.96, म्हणजे प्रत्येक मिलिमीटर जवळजवळ दुप्पट दिसणार. 61 भागिले 1.96 बरोबर 31. गटातल्या मुलांना आपली चूक सापडली म्हणून वाईट वाटलं असेल, तर त्यांना आवर्जून सांगावं की हीच युक्ती हवामान खातंही वापरतं. रुंद तोंड आणि अरुंद मोजपात्र असलं की थोडा पाऊसही नीट वाचता येतो. फक्त मोजपात्रावरच्या खुणा त्या हिशोबाने आखलेल्या असतात.

पण 31 तरी मैदानातल्या 37-38 शी कुठे जुळतात? त्यासाठी मुलांना मापकाच्या जागी नेऊन उभं केलं. मापक भिंतीच्या पूर्वेला, अगदी लगत. जुलैतला आपल्याकडचा वारा मुख्यतः पश्चिमेचा आणि नैर्ऋत्येचा. पाऊस तिरपा येतो आणि भिंत त्यातला काही आपल्या अंगावर घेते. हा तोटा हिशोबाने भरून काढता येत नाही, त्यासाठी जागाच बदलावी लागते.

22 वाला मापक मैदानाकडेच्या झाडाखाली होता. पानं आधी स्वतः भिजतात, मग गळतात. गळती एकाच फांदीवरून थेट मापकात झाली असती, तर आकडा 22 ऐवजी 70 सुद्धा आला असता. झाडाखालच्या आकड्यात कुठल्या बाजूला किती चूक आहे हेच कळत नाही, म्हणून तो आकडा बाद. 29 वाला गच्चीवर, कठड्याला टेकून ठेवलेला. कठड्यावर आदळलेला वारा वर उसळतो आणि थेंब मापकाच्या तोंडावरून पुढे घेऊन जातो. "गच्चीवर अडथळा नाही, तिथे पाऊस जास्त सापडेल" हा मुलांचा अंदाज असतो, आणि मोठ्यांचाही. प्रत्यक्षात उंचावर वारा जोरात असतो आणि मापकात पाऊस कमी येतो. म्हणूनच वेधशाळेतल्या पर्जन्यमापकाचं तोंड जमिनीपासून साधारण 30 सेंटिमीटरवर असतं. त्याहून खाली ठेवलं तर जमिनीवरून उडालेले शिंतोडे आत जातात. खाली फरशी किंवा कोबा असेल तर जास्तच, म्हणून मापक हिरवळीवर किंवा मातीवर ठेवावा.

राहिला 35 चा आकडा. तो रंकाळ्याच्या बाजूला राहणाऱ्या एका मुलीच्या अंगणातला. तोंडाचं माप बरोबर, जागा मोकळी, पाणी मोजपात्रात ओतून मोजलेलं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. दोन ठिकाणी पाऊसच थोडा वेगळा पडला. सहा आकड्यांतला हा एकच फरक निसर्गाने केलेला. बाकीचे सगळे बाटलीने, भिंतीने, झाडाने आणि वाऱ्याने. हा भेद मुलांना स्वतः करता आला, तर वर्षभराच्या भूगोलातलं मोठं काम त्या दिवशी झालं असं समजावं.

जागा आणि बैठक

नियम सोपा आहे. जो अडथळा जितका उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक. 3 मीटर उंचीच्या कंपाउंड भिंतीपासून 6 मीटर, 8 मीटरच्या झाडापासून 16 मीटर. पेठांमधल्या शाळांना एवढं मैदान मिळत नाही. तिथे त्यातल्या त्यात मोकळी जागा धरावी आणि कुठल्या दिशेला किती उंचीची इमारत किती अंतरावर आहे, हे वहीच्या पहिल्या पानावर नकाशासह लिहावं. वाईट जागेची लिहून ठेवलेली नोंद वापरता येते. जागेची माहितीच नसेल तर चांगल्या नोंदीवरही शंका राहते.

रिकामी बाटली वाऱ्याने पडते, म्हणून ती पत्र्याच्या डब्यात घालून डबा निम्मा जमिनीत पुरावा. तोंड समपातळीत आहे का ते गवंड्याच्या पाणसळीने बघावं. कापलेल्या बाटलीची कड मऊ असते आणि उन्हाने वाकते. चार इंची पीव्हीसी पाइपचा बोटभर रुंदीचा तुकडा कडेला बसवला तर तोंड गोल राहतं. आतला व्यास मात्र पुन्हा मोजायचा. मापक रोज रिकामा करायचा, नाहीतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यात डासांच्या अळ्या दिसतात, आणि शाळेच्या आवारात डासांची पैदास कुणालाच परवडणारी नाही.

वेळ, शून्य आणि कोरी जागा

भारतीय हवामान खात्याची दैनंदिन पावसाची नोंद सकाळी 8.30 ची. आज 8.30 ला मोजलेला पाऊस म्हणजे काल 8.30 पासूनच्या चोवीस तासांचा. शाळा अकराला भरत असेल तर 8.30 ला कोण मोजणार? आवारात राहणारे शिपाई मामा तयार असतील तर उत्तम. नसतील तर अकराला मोजा, पण रोज अकरालाच, आणि वहीवर तसं लिहा. मग सकाळी नऊ ते अकरा पडलेली सर आपल्या वहीत आज येईल आणि हवामान खात्याच्या तक्त्यात उद्या. पेपरातल्या आकड्याशी जुळत नाही म्हणून होणारे निम्मे वाद या दोन तासांचे असतात.

रविवारचा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. सोमवारी बाटलीत 46 मिलिमीटर सापडले तर मुलं तीनपैकी एक गोष्ट करतात: रविवारी 0 आणि सोमवारी 46, किंवा दोन्ही दिवशी 23, किंवा रविवार गाळून टाकायचा. योग्य नोंद अशी: रविवारी आडवी रेघ, सोमवारी "46, दोन दिवसांचा मिळून". 0 म्हणजे मोजलं आणि पाऊस नव्हता. रेघ म्हणजे मोजलं नाही. भुरभुर पडून मापकाचा तळ नुसता ओला झाला तर "अल्प". या तीन नोंदी एकमेकींत मिसळल्या की महिन्याच्या शेवटी पावसाचे दिवस मोजता येत नाहीत. हवामान खातं 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झालेल्या दिवसाला पावसाचा दिवस म्हणतं. तीन मिलिमीटरपेक्षा कमी पाणी असेल तर ते 10 मिलिलिटरच्या सुईविना सिरिंजने ओढून मोजावं. मोजपात्रात वाचताना डोळा पाण्याच्या पातळीला आणून, कडेला चढलेलं पाणी सोडून, मधल्या खोलगट भागाचा आकडा घ्यायचा.

याच वहीने मुलांचा एक ठाम समज मोडतो. एका दुपारी वीस मिनिटं असा धो-धो पाऊस झाला की मैदानात तळं साचलं. दुसऱ्या दिवशी आकडा आला 14 मिलिमीटर. हवामान खात्याच्या वर्गवारीत चोवीस तासांत 2.5 ते 15.5 म्हणजे हलका, 15.6 ते 64.4 मध्यम, 64.5 ते 115.5 जोरदार, 115.6 ते 204.4 अति जोरदार आणि त्याच्या वर अत्यंत जोरदार. म्हणजे तळं साचवणारा पाऊस कागदावर हलका, आणि दिवसभर रिपरिपत 40 भरलेला पाऊस मध्यम. एकूण पाऊस आणि पावसाचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 20 मिनिटांत 14 हा ताशी 42 मिलिमीटरचा वेग झाला. गटारं तुंबतात ती वेगाने, धरणं भरतात ती एकूण पाण्याने.

तापमापकाचं थोडक्यात

वर्गाच्या खिडकीबाहेर भिंतीला लावलेला तापमापक हवेचं तापमान दाखवत नाही, तापलेल्या भिंतीचं आणि उन्हाचं दाखवतो. त्याला सावली हवी, वारा हवा आणि जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंची हवी. कुंडीखाली ठेवतात तशा सहा-सात पांढऱ्या ताटल्या उलट्या धरून, मधल्यांना मध्ये भोक पाडून, दोन-दोन सेंटिमीटर अंतरावर लांब स्क्रूने एकावर एक बसवल्या आणि आत तापमापक टांगला तर काम भागतं. लाकडी पेटी करणार असाल तर तिचं दार उत्तरेला ठेवा, म्हणजे वाचायला उघडल्यावर ऊन आत येत नाही. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो. तेव्हा तो इतका उंच असतो की छपराची सावली पुरते.

मोबाइलमधला दाबाचा आकडा बघून हुशार मुलं हमखास अडतात. उपकरण 945 च्या आसपास हेक्टोपास्कल दाखवतं आणि हवामानाचं ॲप 1005. दोन्ही बरोबर आहेत. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, आणि ॲपमधला आकडा समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो, म्हणजे वेगवेगळ्या उंचीवरची गावं एका नकाशावर ताडून बघता येतात.

गगनबावडा ते शिरोळ

कोल्हापूरच्या मुलांना हवामान शिकवायला दूरचं उदाहरण शोधावं लागत नाही. गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो. तिथून 55 किलोमीटर पूर्वेला कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास. आणखी पूर्वेला शिरोळमध्ये पाचशे-सहाशे. आलेखाच्या कागदावर 500 मिलिमीटरला 1 सेंटिमीटर असं प्रमाण घेऊन तीन स्तंभ काढले की पहिला दहा सेंटिमीटरच्या वर जातो, दुसरा दोन, तिसरा जेमतेम एक. एकाच जिल्ह्यातला हा उतार मुलांच्या डोळ्यांत भरतो.

कारण सांगताना घाई करू नये. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीला अडते आणि वर चढते. वर दाब कमी असतो, म्हणून ती प्रसरण पावते आणि प्रसरण पावताना थंड होते. वाफेचे थेंब होईपर्यंत हजार मीटरला सुमारे 10 अंशांनी. "वर थंडी असते म्हणून हवा थंड होते" हे उत्तर मुलं देतात आणि ते अपुरं आहे. प्रसरण दाखवायला पारदर्शक बाटलीत दोन चमचे कोमट पाणी घालून हलवावं, पेटती उदबत्ती विझवून तिचा थोडा धूर आत सोडावा, झाकण घट्ट लावावं, बाटली जोरात दाबून पाच सेकंदांनी सोडावी. सोडताक्षणी आत पांढरा ढग दिसतो, पुन्हा दाबली की नाहीसा होतो. बाटलीमागे काळा कागद धरला तर मागच्या बाकापर्यंत दिसतं. धूर घातला नाही तर ढग जवळजवळ होतच नाही, कारण थेंब जमायला सूक्ष्म कण लागतात. पाणी उकळतं घेतलं तर न दाबताही आत धुकं दिसतं आणि सगळा मुद्दा हातचा जातो.

डोंगर ओलांडून हवा पूर्वेला उतरते तेव्हा आकुंचन पावून तापते, आणि पावसाचा जोर ओसरतो. एप्रिल-मेमधला वळीव मात्र या हिशोबात बसत नाही. तो तापलेल्या जमिनीवरून सरळ वर गेलेल्या हवेचा, दुपारनंतरचा, विजांचा, कधी गारांचा. त्यामुळे वळवाची नोंद वहीत वेगळ्या रंगाने करावी.

याच ठिकाणी मुलांकडून सगळ्यात चांगला प्रश्न येतो: शिरोळला पाऊस एवढा कमी, मग पूर तिथेच एवढा का? उत्तरासाठी वहीत एक रकाना वाढवावा: राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी. हा आकडा प्रशासन पावसाळ्यात रोज जाहीर करतं. तो पेपरातून किंवा फोनवरून घ्यायचा, मुलांनी नदीवर जायचं नाही. इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती 55 फुटांच्या वर गेली होती आणि 2021 च्या जुलैत पुन्हा महापूर आला. शहरातला पाऊस आणि नदीची पातळी शेजारी मांडली की असे दिवस सापडतात जेव्हा शहरात उघडीप आहे आणि नदी चढतेच आहे. पाणी येतं ते कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीच्या खोऱ्यांतून, म्हणजे पश्चिमेच्या पावसाचं. पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा भरलेली असेल तर पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही आणि शिरोळच्या शिवारात पसरतं. तालुक्यांचा रोजचा पाऊस कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मिळतो. त्यातला गगनबावड्याचा आणि राधानगरीचा आकडा पातळीच्या रकान्याशेजारी लिहिला की मुलं हा संबंध स्वतः शोधतात, आणि शोधू द्यावा.

एका मोसमाने हवामान ठरत नाही

ऑगस्टमध्ये पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली की वर्गात कुणीतरी म्हणतंच, "सर, हवामान बदललं." त्या वेळी वही उघडायला लावावी. वहीत आहे ती एका मोसमाची हवा. हवामानाची सरासरी काढायला निदान 30 वर्षांच्या नोंदी घेतात. सध्या 1991 ते 2020 हा काळ धरला जातो. "मृगाचा पाऊस हल्ली पडत नाही" हे घरी ऐकलेलं वाक्यही याच कसोटीला लावता येतं. मृग 7-8 जूनला लागतो. त्या पंधरवड्याचा पाऊस वर्षावर्षाचा काढून बघायचा. आजोबांची आठवण खोटी ठरवायचा हेतू त्यात नसावा. आठवणीत मोठे पाऊस आणि मोठे दुष्काळ राहतात, मधली वर्षं राहत नाहीत. वहीत सगळी राहतात. तापमानवाढीबद्दलही हेच सांगावं: ती एका कडक उन्हाळ्यावरून कळलेली नाही, जगभरच्या दीर्घ नोंदींवरून कळली आहे. म्हणून एखाद्या गारठ्याच्या जानेवारीने ती खोटीही ठरत नाही.

वही पुढच्या वर्गाकडे देताना

ऑक्टोबरात परतीचा पाऊस संपला की सातवीची वही पुढच्या वर्षीच्या सातवीसाठी ठेवायची. पहिल्या पानावर मापकाच्या तोंडाचा आतला व्यास, जागेचा नकाशा आणि मोजण्याची वेळ. शेवटच्या पानावर वर्षात काय बदललं ते: मैदानाकडेचं झाड तोडलं, नवी खोली बांधली, बाटली फुटून दुसरी बसवली. मापक हलवावाच लागला तर जुना आणि नवा असे दोन्ही एक पूर्ण पावसाळा चालू ठेवावेत आणि दोघांचे आकडे वेगळ्या रकान्यांत लिहावेत. नाहीतर पाच वर्षांनी आलेख एकदम खाली आलेला दिसेल, आणि पाऊस कमी झाला की मापक भिंतीजवळ सरकला, हे सांगायला त्या वर्गातलं कुणी शाळेत नसेल.